एका पावलाने काय होते?

माणसाच्या पावलाइतकी निरुपद्रवी वस्तू दुसरी नसेल, असे आपण सगळेच धरून चालतो. हाताने चोरी होते, जिभेने निंदा होते, डोळ्यांतून मत्सर डोकावतो. पण पाऊल बिचारे काय करणार? ते आपल्या धन्याला घेऊन जाते आणि परत आणून सोडते. देवळात शिरताना आपण पाय धुतो, ते त्यांनी काही पातक केले म्हणून नव्हे, धूळ लागली म्हणून. असे असूनही गेल्या उन्हाळ्यापासून मी या पावलाचाच विचार करतो आहे. तो सणासुदीच्या अंकात मांडावा की नाही, याचा थोडा संकोच वाटत होता. फराळाच्या ताटापुढे बसलेल्या माणसाला कोणी पापपुण्याचा हिशेब विचारू नये. पण हा हिशेब फुलांचा आहे. तेव्हा वाचक तेवढी सवलत देतील अशी आशा आहे.

मे महिन्यात उत्तरपत्रिका, निकालपत्रके वगैरे उरकून आम्ही चार शिक्षक गढवालात गेलो होतो. चमोली जिल्ह्यात अली आणि बेदनी नावाची दोन बुग्याळे आहेत. बुग्याळ म्हणजे हिमालयातले उंचावरचे कुरण. साधारण ११,००० फुटांच्या आसपास थंडीपुढे झाडे हात टेकतात. तिथून वर कायमच्या बर्फापर्यंत जो पट्टा उरतो, त्यात नुसते गवत आणि फुलझाडे. लोहाजंग नावाच्या गावी मोटार सोडायची, डिडना या वस्तीत रात्र काढायची आणि पहाटे खर्सू आणि बुरांस यांच्या दाट रानातून चढायला लागायचे. दोन-तीन तास छातीचा भाता करून घेतल्यावर एका वळणावर रान एकाएकी संपते आणि आपण एका रुंद, हिरव्या धारेवर उभे असतो. दोन्ही बाजूंना उतार, आणि समोर त्रिशूळ, ७,१२० मीटरांचा. पहिली पाच मिनिटे आमच्यातला एकही शिक्षक बोलला नाही. शिक्षकांच्या बाबतीत ही गोष्ट नमूद करण्यासारखी आहे.

कागलच्या माणसाला बर्फ ठाऊक असतो तो रसवंतीतला, गोणपाटात गुंडाळून ठेवलेला आणि मोगरीने फोडून उसाच्या रसात टाकलेला. मी निघालो तेव्हा आमच्या गल्लीतले एक शेतकरी म्हणालेही होते, "मास्तर, बरफ बघाय एवढ्या लांब कशाला जातायसा? मासळी बाजारात ढीग पडलाय की!" वर जाऊन पाहिले तो उन्हाळ्याच्या तोंडाचा बर्फ त्यांच्या ढिगापेक्षा फार देखणा होता असेही नाही. कॅलेंडरातला शुभ्रपणा त्याला कुठला! वाऱ्याने आणलेली धूळ आणि वाळकी पाने बसून तो राखेसारखा झाला होता. धारेच्या उत्तर अंगाला, जिथे ऊन उशिरा पोचते अशा घळींतून तो लांब जिभांसारखा उतरला होता आणि त्यातल्या काही जिभा आमच्या वाटेवर आडव्या पडल्या होत्या. पण त्याच्या कडेला मात्र जे चालले होते ते पाहण्यासाठी मी पुन्हाही तेवढा प्रवास करीन. बर्फाच्या काठाखालून पाणी झिरपत होते, आणि काठापासून चार बोटांवर, अजून गारठलेल्या काळ्या मातीतून, जांभळ्या फुलांचे गोल गेंद उभ्या दांड्यावर वर आले होते. प्रिम्युला त्यांचे नाव. त्यांच्यामागे, बर्फ आठवडाभर आधी जिथून मागे सरला असेल तिथे, पिवळी आणि पांढरी बुटकी फुले. म्हणजे बर्फ रोज हातभर मागे सरतो आणि ही फुले त्याच्या पाठोपाठ रोज हातभर पुढे येतात.

आता प्रश्न आला तो इथे. वाट बर्फाच्या जिभेखाली गेलेली. पलीकडे जायला दोन मार्ग. एक सरळ बर्फावरून. तीस-चाळीस पावले, पाय घोट्यापर्यंत रुततो, बुटात गार पाणी शिरते, घसरायची भीती. दुसरा बर्फाच्या टोकाला वळसा घालून, कडेच्या ओल्या, मऊ जमिनीवरून. आमच्याबरोबर वाण गावचा एक तरुण वाटाड्या होता. तो हिंदीत म्हणाला, "सरजी, बर्फावरून चला. कडेने नको." तो पुढे झाला, म्हणून मीही गेलो; माझे बूट संध्याकाळपर्यंत ओले होते. यात माझा काही मोठेपणा नाही, पुढचा जसा जाईल तसे मागच्याने जायचे ही आम्हा मास्तरांची जुनी सवय. पण वळसा घालून जाणारेही पुष्कळ होते. बर्फावर पावलांची एकच ओळ दिसत होती, आणि कडेने पाच-सहा वाटा एकमेकींत गुंतत गेल्या होत्या, काळ्या चिखलाच्या. त्या वाटांच्या मधे, बेटांवर उरल्यासारखे, थोडे प्रिम्युला.

जेवायला बसलो तेव्हा त्या तरुणाने सांगितले ते साधेच होते. बर्फ हे जमिनीचे पांघरूण आहे. ते हातभर जाड असेपर्यंत त्याच्यावरून शंभर माणसे गेली तरी खाली झोपलेल्या गवताला कळत नाही. बर्फ पूर्ण जाऊन जमीन सुकली, की तीही पाऊल सोसते. नाजूक वेळ असते ती मधली. तेव्हा माती पाण्याने फुगलेली असते, पाऊल नुसते पडत नाही, आत जाते आणि फिरते, मुळे तुटतात. मग आषाढ-श्रावणात पाऊस आला की तुटलेल्या जागेतली माती वाहून जाते आणि चर पडतो. पुढच्या वर्षीचा वाटसरू चर चुकवून आणखी बाजूने जातो. परत आल्यावर मी जे थोडे वाचले त्यात आणखी एक गोष्ट सापडली. तिथला वाढीचा हंगाम जेमतेम चार-पाच महिन्यांचा. म्हणून त्या उंचीवरच्या पुष्कळ वनस्पती यंदा फुलायची कळी गेल्या उन्हाळ्यातच मुळाशी तयार करून ठेवतात आणि हिवाळाभर बर्फाखाली जपतात. तेव्हा मे महिन्यातले एक पाऊल एक फूल मोडते हे बोलणे अपुरे आहे; त्यात एक सबंध वर्षाची तयारीही मोडते.

त्या कडेच्या वाटेने कोण गेले होते? माझ्या डोळ्यांसमोर गेलेले चार-पाच जण मी पाहिले. एकही दुष्ट दिसला नाही. एका कॉलेजातल्या मुलाने त्याच प्रवासासाठी नवे बूट घेतले होते. एक पन्नाशीच्या बाई होत्या, त्यांचा गुडघा दुखत होता आणि बर्फावर घसरलो तर परत घरी कसे जायचे, ही त्यांची भीती अगदी रास्त होती. एक नवरा-बायको बोलण्याच्या नादात, पुढची माणसे तिकडून गेली म्हणून गेले. त्यांच्यापैकी कोणाच्याही हातून फूल तोडले गेले नाही. तोडणाऱ्याला त्यांनीच हटकले असते. आणि तरी ती बाजू उद्ध्वस्त झालेली होती. इथेच माझी गाडी अडते. जिथे एवढे नुकसान आहे तिथे कोणीतरी गुन्हेगार असला पाहिजे, हे आपल्या नीतिविचाराचे पहिले गृहीत. आणि इथे तर गुन्हेगारच सापडत नाही. प्रत्येकाला धरून विचारा, तो म्हणेल, "अहो, माझ्या एका पावलाने काय होते?" आणि त्याचे म्हणणे खरे असते! एका पावलाने खरोखरच काही होत नाही. दुसऱ्यानेही नाही. मग हजार शून्यांची बेरीज एवढी मोठी कशी झाली?

मी काही तत्त्वज्ञानाचा पदवीधर नव्हे, पण कांट नावाच्या जर्मन पंडिताने सांगितलेली कसोटी सर्वांनाच ठाऊक असते: जे तू करतोस ते सगळ्यांनी केले तर चालेल का, हे स्वतःला विचार. कसोटी चांगली आहे, वर्गातल्या मुलांना मी ती सांगतोही. पण तिने माझे पूर्ण समाधान कधी झाले नाही. सगळेच शिक्षक झाले तर धान्य पिकवायचे कोणी? म्हणून मी शिक्षकी सोडावी असे कोणी म्हणत नाही. सगळेच त्या धारेवर गेले तर धार उरणार नाही, हे खरे; म्हणून कोणीच जाऊ नये का?

हे कोडे हिमालयातलेच आहे असे मात्र नाही. आमच्याकडे निपाणी रस्त्याच्या कडेला रान असलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची गोष्ट सांगतो. त्यांच्या लहानपणी वाटेने जाणाऱ्याने हरभऱ्याचे चार डहाळे उपटले, भुईमुगाच्या दोन वेली ओढल्या, तर त्याला कोणी चोरी म्हणत नसे. त्यांचे वडील म्हणायचे, "वाटंवरल्या माणसाच्या तोंडात चार दाणं पडलं तर रान काय रिकामं हुतंय?" ही नुसती उदारता नव्हती, तो त्या काळचा बरोबर हिशेबही होता, कारण दिवसाकाठी वाटेने दहा माणसे जात. आता त्याच रस्त्याने मोटारींची रांग असते. लोक थांबतात, पोरांना "हे बघ, हरभरा असा असतो" म्हणून दाखवतात, कौतुकाने पेंडी उपटतात, हसऱ्या तोंडाने छायाचित्र काढतात आणि जातात. म्हाताऱ्यांनी दोन वर्षे पाहिले आणि तिसऱ्या वर्षी बाभळीच्या फांद्या ओढून रस्त्याच्या अंगाने कुंपण घातले. घातले खरे, पण त्या दिवशी ते जेवले नाहीत, असे त्यांच्या सुनेने मला सांगितले. वडिलांचा शब्द मोडला असे त्यांना वाटत होते.

या गोष्टीत कोणाचा स्वभाव बिघडला? वाटसरू पूर्वीइतकाच चांगला आहे, म्हातारे पूर्वीइतकेच उदार. बदलली ती संख्या. कृत्य तेच, मन तेच, तरी संख्या वाढताच त्याचा अर्थ बदलला. आपल्या सगळ्या जुन्या नीतिकथा एकेका माणसाच्या आहेत: एक राजा, एक ब्राह्मण, एक लाकूडतोड्या. गर्दीची नीती त्यांत सहसा सापडत नाही. ऊस भरलेल्या ट्रॉलीमागे धावून कांडे ओढणारी पोरे कागलच्या रस्त्यावर प्रत्येक हंगामात असतात. मी त्यांना रागावतो, आणि ती तेच म्हणतात जे हिमालयातले पर्यटक म्हणतात. "सर, एकच ओढला की!"

तरीसुद्धा, पावलाचा विचार आपल्याकडे कोणी केलाच नव्हता असे म्हणता येणार नाही. सकाळी अंथरुणातून उठताना जमिनीवर पाय ठेवण्याआधी तिला हात लावून, तुला पाय लागतो आहे, क्षमा कर, असे म्हणायची चाल घरोघर होती. माझी आजी ते रोज म्हणत असे. शेणाने सारवलेल्या जमिनीला तिची काय अडचण होणार होती, देव जाणे! आमच्या भागात जैन समाज मोठा आहे. त्यांचे मुनी पावसाळ्याचे चार महिने एका गावी राहतात, प्रवास करीत नाहीत. हा चातुर्मास लहानपणी मला नुसता धार्मिक नियम वाटे. त्यातला व्यवहार नंतर ध्यानात आला. पावसाळ्यात जमीन जीवांनी आणि कोंभांनी भरलेली असते. पाऊल टाकावे तिथे काहीतरी चिरडणार, म्हणून पाऊलच टाकायचे नाही. इतर आठ महिनेही चालताना चार हात पुढची जमीन पाहत चालायचे, या नियमाला त्यांनी ईर्यासमिती असे स्वतंत्र नाव दिले आहे. बौद्ध भिक्षूंच्या वर्षावासाची हकीकत तर आपल्या विषयाला अगदी लागून आहे. विनयपिटकात सांगितले आहे की हे श्रमण पावसातही हिंडतात आणि हिरवे गवत तुडवतात अशी लोकांनीच कुरकुर केली, तेव्हा भगवान बुद्धांनी वर्षावासाचा नियम घालून दिला. अडीच हजार वर्षांपूर्वी कोणाला तरी वाटले होते की साधूचे पाऊलही पाऊलच असते, आणि पुष्कळ साधू एकदम हिंडू लागले की गवताला त्यांच्या साधुत्वाचा काही उपयोग नसतो. विशेष हे की, या दोन्ही परंपरांनी जन्मभर घरी बसा असे सांगितलेले नाही. नाजूक वेळी थांबा, एवढेच सांगितले. वाण गावचा तो तरुण तरी याहून वेगळे काय सांगत होता?

इथपर्यंत विचार करून मी निश्चिंत होणार होतो. पण आठवीच्या वर्गात हे सारे सांगत असताना एका मुलीने हात वर केला. "सर, मग तिथं मेंढरं नाहीत?"

मुलांचे प्रश्न कधी कधी खुंटी हलवतात. मेंढरे आहेतच! त्या कुरणांवर खालच्या गावांची मेंढरे आणि गुरे पिढ्यान् पिढ्या चरत आली. शिवाय बर्फ वितळू लागला की गावकरी वर जाऊन कीडाजडी शोधतात. ही एक औषधी बुरशी, किलोला लाखांनी विकली जाते. आम्हाला असे एक कुटुंब भेटले, नवरा, बायको आणि बारा-तेरा वर्षांचा मुलगा. याच ओल्या जमिनीवर दिवसभर गुडघ्यांवर रांगायला निघालेले. त्यांना मी काय ईर्यासमिती सांगणार?

आणि खुरांची कथा तर अधिकच चमत्कारिक आहे. आपल्या साताऱ्याजवळचे कासचे पठार आता जगभर माहीत झाले आहे. जांभ्या दगडाचा सपाट सडा, वर कुठे वीतभर तर कुठे बोटभर माती, आणि तेवढ्या मातीवर भाद्रपदात तेरडा, सोनकी, सीतेची आसवे, गेंद यांचे गालिचे. सपुष्प वनस्पतींच्या साडेआठशे जाती तिथे नोंदल्या गेल्या आहेत. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ज्या ३९ जागा जागतिक वारसा म्हणून निवडल्या, त्यांत कास आहे आणि आपले राधानगरीही आहे. बातमी पसरली, झुंडी आल्या, फुलांत लोळून छायाचित्रे निघू लागली. मग तिकीट आले, दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा आली आणि पठाराभोवती जाळीचे कुंपण आले. माणसांबरोबर गुरेही बाहेर राहिली. काही वर्षांनी ओरड सुरू झाली की फुले कमी होत आहेत. गुरे गवत खातात, त्यांच्या खुरांनी जमीन मोकळी होते, शेणाने तिला कस मिळतो. ती येईनाशी झाली तेव्हा उंच गवत माजले आणि बुटक्या फुलांना ऊन मिळेना, असे जाणकार सांगू लागले. शेवटी ते कुंपण काढावे लागले. गढवालातल्या फुलांच्या दरीचीही तीच तऱ्हा. १९३१ साली फ्रँक स्माइद हा गिर्यारोहक कामेटहून परतताना तिथे उतरला, पुढे त्याने तिच्यावर पुस्तक लिहिले आणि ती जगाला कळली. मेंढपाळांना ती आधीपासून माहीत होती, पण त्यांनी पुस्तक लिहिले नव्हते. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, चराई बंद झाली. पुढे अमेला नावाचे पुरुषभर वाढणारे तण तिथे इतके पसरले की माणसे लावून ते उपटावे लागते. चराई बंद झाली म्हणूनच तसे झाले की आणखी काही कारण आहे, याबद्दल शास्त्रज्ञांत वाद आहे. पण पाऊल नकोच म्हटले की फूल वाचले, हे उत्तर वाटते तितके सरळ नाही, एवढे त्यातून दिसते.

मग मेंढराच्या खुरात आणि माझ्या बुटात फरक काय? वजन? माझे वजन मेंढराहून जास्त असेल, पण म्हशीहून नक्कीच कमी आहे. मी पुष्कळ विचार केला, आणि मला फरक दिसतो तो असा. कळप पांगून चरतो, गवत संपले की पुढे सरकतो. आम्ही सगळे एकाच ओळीतून, त्याच पंधरा दिवसांत, नेमके फूल जिथे सर्वांत सुंदर तिथेच जातो. पण याहून मोठा फरक पुढचा. कुरण उजाड झाले तर मेंढपाळाची चूल विझते. त्याला पुढच्या वर्षी, आणि त्याच्या मुलाला त्याच्यापुढच्या वर्षी, त्याच कुरणाच्या तोंडाकडे पाहायचे असते. तो चुकला तर शिक्षा त्याच्याच घरी येते. माझे तसे नाही. अली-बेदनी बिघडले तर मी दुसरीकडे जाईन. हिमालयात कुरणांना काय तोटा! यात मेंढपाळ पुण्यवान आणि पर्यटक पापी असे मला म्हणायचे नाही. अतिचराईने उजाड झालेले डोंगर आपल्या माण-खटावात कोणीही पाहावेत. पण ज्या पावलाला परिणाम भोगावा लागतो आणि ज्याला लागत नाही, त्यांच्यावर सारखेच नियम घालणे हा न्याय नव्हे. न भोगणाऱ्यावर तो नियम बाहेरून घालावा लागतो, कारण आतून घालायला त्याच्यापाशी भीतीच नसते.

तसा नियम आलाही. २०१८ च्या ऑगस्टमध्ये उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने बुग्याळांवर रात्रीचा मुक्काम बंद केला आणि तिथे जाणाऱ्यांची संख्या दोनशेवर आणली. आमचाही मुक्काम त्यामुळे बेदनीवर न होता खाली गैरोली पातळच्या रानात झाला. बेदनीच्या कुंडाकाठी त्रिशुळावर चांदणे पाहायचे राहून गेले, याची हळहळ आमच्यातल्या एकाला अजून आहे. दोनशे का? एकशे नव्वद का नाही? दोनशे एकावा माणूस कोणत्या अर्थाने दोनशेव्यापेक्षा कमी योग्य? काहीच अर्थाने नाही. हा आकडा निसर्गात कुठे कोरलेला नसतो. तो माणसांनीच ठरवायचा असतो. त्यात आणखी एक मेख आहे. अशा मर्यादेत जागा मिळते ती आधी कळते त्याला, आधी पैसे भरता येतात त्याला. माझ्या वर्गातल्या पोरांना ते दोन्ही जमत नाही.

तरीही मी मर्यादेच्या बाजूचा आहे. त्याचे कारण आमच्या दूधगंगेकाठच्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागणार नाही. उन्हाळ्यात नदीचे पाणी उतरले की उपसाबंदी येते. पंप असून, वीज असून, समोर पाणी दिसत असून ते उचलायचे नाही. पाणीपुरवठा संस्थेच्या पाटाला पाळी असते. आज तुमची, चार दिवसांनी माझी. शेतकरी कुरकुरतो, रात्री गुपचूप मोटार चालू करणाराही एखादा निघतो. पण "आज तुझी पाळी नाही" हे शब्द ऐकून आपला अपमान झाला असे कोणाला वाटत नाही. पाणी सर्वांचे आहे म्हणूनच पाळी असते. सौंदर्याला मात्र आपण कधी पाळी लावली नाही. ते फुकट, ते अमर्याद, ते हवे तेव्हा, हवे तितके, अशी आपली समजूत. दयारा नावाच्या दुसऱ्या एका बुग्याळावर जमिनीला पडलेले चर बुजवायला आता नारळाच्या काथ्याच्या जाळ्या अंथरल्या आहेत. नारळ समुद्रकाठचा, जखम हिमालयातली! ते वाचल्यापासून फुकट हा शब्द मला जपून वापरावासा वाटतो.

हिमालय राहू द्या, तो लांब आहे. आमच्या जिल्ह्यात पन्हाळ्यापलीकडे मसाईचे पठार आहे. कासचाच धाकटा भाऊ म्हणा ना; तसाच जांभा, तशीच बोटभर माती, श्रावण-भाद्रपदात तशीच फुले. त्याच पठारावरून पन्हाळा ते पावनखिंड ही वाट जाते. १६६० सालच्या आषाढातल्या रात्री सिद्दी जौहरचा वेढा चुकवून शिवाजीमहाराज सुमारे ६०० मावळ्यांसह या मार्गाने विशाळगडाकडे गेले. दरवर्षी जुलैत हजारो तरुण ती वाट भर पावसात चालतात. ही श्रद्धेची पावले आहेत, त्यांना नियम लावायचा का, असा प्रश्न मला एका सहकाऱ्याने केला. मी त्याला एवढेच म्हटले की चालू द्यावे, पण वाटेतला चिखल चुकवण्यासाठी बाजूच्या गवतावरून जाणे हे निदान त्या रात्रीची आठवण काढणाऱ्याला शोभणारे नाही. त्या रात्री चिखल कोणी चुकवला होता?

यंदा आठवीच्या वर्गाची सहल मसाईवर न्यावी की नाही, यावर माझे मन महिनाभर हेलकावे खात होते. बेचाळीस मुले म्हणजे चौऱ्याऐंशी पावले, आणि तीही तेरा वर्षांची, म्हणजे एका जागी न ठरणारी. न न्यावे तर ज्या पोरांनी ते पठार पाहिलेच नाही, ती उद्या मोठी झाल्यावर तिथे दगडाची खाण निघाली तरी कशाला हळहळतील? न पाहिलेल्या वस्तूवर माया करणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. नेले, तर आजच तुडवणार. शेवटी ठरवले, न्यायचे. भाद्रपदातला कामाचा दिवस धरला, रविवार टाळला. पोरांना निघण्याआधीच सांगितले की गाडीवाट सोडायची नाही, आणि वाटेत पाणी साचले असेल तर त्यातून जायचे. हे दुसरे त्यांना इतके आवडले की काही जण नसलेले डबकेही शोधून त्यातून गेले.

पण पाहण्यालाच पाऊल लागते, हे माझ्या हिशेबात आले नव्हते. मसाईदेवीच्या देवळापासून थोडे पुढे एका मुलाला दवबिंदूचे रोप दिसले, कीटक धरून खाणारे, तांबूस, बोटाच्या पेराएवढे. उभ्याने ते दिसत नाही. तो गुडघ्यावर बसला. दुसरा बसला. बघता बघता वीस-बावीस गुडघ्यांचे कोंडाळे त्या रोपाभोवती झाले आणि गेंदाच्या पांढऱ्या टिकल्या त्यांच्याखाली दिसेनाशा झाल्या. मी सगळ्यांना उठवून गाडीवाटेवर आणले. थोडे पुढे जांभ्याचा एक उघडा, काळा पडलेला कातळ होता, माती नसलेला, आणि त्याच्या कडेला लागूनच फुलांची सुरुवात. पोरांना म्हटले, या दगडावर पालथे पडा आणि नुसती मान पुढे काढा. दहा-दहांच्या पाळ्या लावल्या. पहिल्या दहा जणांनी खाली तोंड घातले आणि एकदम गप्प झाली, मग कोणीतरी ओरडले, "सर, हितं मुंगी अडकलीया!"

तेवढ्यात वरच्या अंगाने पंधरा-वीस म्हशी घेऊन एक म्हातारे गुराखी आले. म्हशी फुलांतून सावकाश चरत गेल्या. म्हातारे काठीवर हनुवटी टेकून दगडावर पालथ्या पडलेल्या पोरांच्या ओळीकडे बराच वेळ बघत राहिले. मग मला म्हणाले, "काय हरिवलंय का पोरांचं?"